न दिसणाऱ्या बटणाची कैफियत

तीर्थरूप काकांस,

तुम्हाला आणि काकूंना नमस्कार. तुमच्या गुडघ्याचं कसं आहे? पट्टा बांधता, की तो दाराच्या कडीला लटकवून ठेवलाय? डोळ्यांत घालायचे थेंब काकूंनी आठवण न करता घालता का? माझी तब्येत ठीक आहे असं लिहायची पद्धत आहे म्हणून लिहिते, पण खरं सांगायचं तर गेले तीन आठवडे मी माणसांत नाही. कुणाचाही फोन दिसला की माझी नजर आधी त्या फोनवर जाते आणि मग माणसावर. परवा जिन्यात समोरच्या बिऱ्हाडातल्या बाई भेटल्या, त्यांचा हात प्लास्टरमध्ये होता, आणि मी त्यांना विचारलं काय, तर फोन कुठल्या साली घेतला. तेव्हापासून त्या माझ्याशी जपून बोलतात.

तुम्ही चाळीस वर्षं छापखान्यात खिळे जुळवलेत. पान एकदा छापलं की ते पान. वाचणाऱ्याने चष्मा बदलला म्हणून मथळा घसरून खाली तळटिपेत जाऊन बसला, असं तुमच्या हयातीत कधी झालं का? माझ्या धंद्यात हे रोज होतं. मी एक वेबसाइट बनवते, माझ्या लॅपटॉपवर ती एखाद्या शहाण्या मुलीसारखी हाताची घडी घालून बसलेली असते, आणि तीच दुसऱ्याच्या फोनवर गेली की अंगात आल्यासारखी वागते. कुठे चित्र फुगतं, कुठे अक्षरं एकमेकांच्या खांद्यावर चढतात, कुठे अख्खा मजकूर उजवीकडे निघून जातो तो परत येतच नाही. फोन निराळा, ब्राउझर निराळा, त्याचं वय निराळं. या सगळ्यांवर पान तपासून बघावं असा नियम आहे. नियम करणाऱ्यांकडे सगळे फोन असतात. माझ्याकडे एक लॅपटॉप, एक फोन आणि एक नवरा आहे. (नवऱ्याचा फोन त्याच्या कचेरीचा असल्यामुळे त्यात काही उघडायची परवानगी नाही.)

तर झालं असं. इथल्या एका कानाच्या डॉक्टरीणबाईंनी मला त्यांच्या दवाखान्याची वेबसाइट करायला सांगितली. नोकरी सोडून घरून काम करायला लागल्यापासूनचं हे माझं पहिलं भरवशाचं काम. त्यांच्याकडे येणारी बहुतेक माणसं वयस्कर, आणि फोनवर बोलून वेळ ठरवणं त्यांना जमत नाही. (कान तपासायला येणाऱ्या माणसाने आधी फोनवर नीट ऐकावं अशी अपेक्षा होती, हे त्यांच्या बारा वर्षांनी लक्षात आलं.) म्हणून वेबसाइटवर दिवस निवडायचा, तास निवडायचा, आणि 'वेळ नक्की करा' असं हिरवं बटण दाबायचं. मी ते बटण इतकं मन लावून केलं होतं, काका, की दाबल्यावर ते किंचित आत जायचं.

साइट सुरू झाली आणि नऊ दिवसांत एकही माणूस त्यातून आला नाही. डॉक्टरीणबाईंना वाटलं, लोकांचे कान सुधारले असतील. दहाव्या दिवशी गणिताचे एक निवृत्त शिक्षक दोन जिने चढून त्यांच्यासमोर उभे राहिले आणि म्हणाले की चार दिवस शोधतोय, तुमच्या पानावर बटणच नाही. माझ्या लॅपटॉपवर होतं. माझ्या फोनवर होतं. मास्तरांच्या फोनवर ते, खाली दवाखान्याच्या पत्त्याची जी पिवळी पट्टी होती, तिच्या मागे जाऊन लपलं असणार. मास्तर तोवर फोन खिशात घालून निघून गेले होते, त्यामुळे तो बघायलाही मिळाला नाही. डॉक्टरीणबाईंनी मला बोलावून घेतलं. त्या ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं. कानाच्या डॉक्टर असल्यामुळे त्यांना हळू बोलायची फार सवय आहे.

"तुम्हाला दिसतं, यावर माझा विश्वास आहे," त्या म्हणाल्या. "पण तुम्हाला ऐकू येतं. ज्यांना येत नाही त्यांना दिसायला हवं."

पुढच्या शुक्रवारपर्यंत दुरुस्त झालं नाही तर काम दुसऱ्या कंपनीकडे देणार, असंही त्यांनी तितक्याच हळू सांगितलं. मी जिना उतरता उतरताच समोरून येणाऱ्यांच्या हातातले फोन बघायला लागले.

आता स्वस्तात फोन कुठून आणायचे? पहिला उपाय फुकटचा. ब्राउझरमध्येच एक सोय असते, खिडकी बारीक करायची आणि तिला सांगायचं की आता तू फोन आहेस. ती लगेच हो म्हणते. पण ते म्हणजे नाटकातल्या पोलिसाकडे जाऊन चोरीची तक्रार नोंदवण्यासारखं. त्या खोट्या फोनवर बटण व्यवस्थित दिसलं, आत गेलं, बाहेर आलं. दुसरा उपायही फुकटचा. आपल्याच लॅपटॉपच्या पोटात दुसऱ्या जातीचा कॉम्प्युटर बसवायचा आणि त्याच्या पोटात जुना फोन. मी भर दुपारी हा संसार मांडला. लॅपटॉपचा पंखा असा काही फिरायला लागला की खालच्या मजल्यावरच्या गृहस्थांनी वर येऊन, घरात गिरणी टाकायला सोसायटीची परवानगी लागते, याची आठवण करून दिली. आतला फोन सुरू व्हायला चाळीस मिनिटं लागली, सुरू झाल्यावर त्याने मला भाषा विचारली, आणि मी उत्तर द्यायच्या आत लॅपटॉपने डोळे मिटले.

तिसरा उपाय मोठ्या लोकांचा. दूर कुठेतरी एका खोलीत शेकडो खरे फोन मांडून ठेवलेले असतात आणि इंटरनेटवरून ते आपल्याला चालवायला मिळतात. भाडं मला झेपणारं नव्हतं, पण नवीन माणसाला पहिली काही मिनिटं फुकट. त्या मिनिटांत फोन जागा व्हायचा, माझं पान हळूहळू वरून खाली उतरायला लागायचं, डॉक्टरीणबाईंचा फोटो, मग वेळा, मग तारखा, आणि आता बटण येणार तेवढ्यात मुदत संपायची. मी आपली आधी माझ्या नावाने झाले, नवऱ्याच्या नावाने झाले, मग आईच्या, म्हणजे तुमच्या वहिनींच्या ईमेलने नवीन माणूस झाले. ही लबाडी होती हे मान्य करते, आणि तिची शिक्षाही मिळाली. त्या कंपनीने आईला पत्र पाठवलं की आमची सेवा आपल्याला कशी वाटली. तुम्ही तुमच्या वहिनींना ओळखता. कुणी विचारपूस केली की त्या मोकळ्या होतात. त्यांनी दोन पानी उत्तर लिहिलं, त्यात त्यांची पाठ, वरच्या मजल्यावरचा गळका नळ आणि मुलगी महिना महिना फोन करत नाही, हे सगळं सविस्तर आलं. त्या कंपनीतल्या एका मुलीने आईला फार गोड उत्तर पाठवलं. आता त्या दोघींचा पत्रव्यवहार चालू आहे आणि माझी खाती मात्र तिन्ही बंद.

मग मी दारोदार निघाले. कोपऱ्यावरच्या शिंपीकाकांनी फोन आनंदाने दिला, पण त्यांनी अक्षरं एवढी मोठी करून ठेवली होती की अख्ख्या पडद्यावर फक्त 'वे' मावत होतं. 'ळ' बघायला खाली जावं लागत होतं. फोन दुरुस्त करणाऱ्याच्या दुकानात काउंटरवर वापरलेले फोन विकायला मांडलेले असतात, ते बघू द्या म्हणून मी गयावया केली. तो भला माणूस. म्हणाला, बघा हवे तेवढे, बदल्यात माझ्या दुकानाची वेबसाइट करून द्या. म्हणजे एक साइट तपासायला गेले आणि तपासायच्या साइट दोन झाल्या. दोन दुपारी मी त्या काउंटरपाशी उभी होते. त्या काळात तीन गिऱ्हाइकांनी मला फोनची किंमत विचारली आणि एकाने घासाघीसही केली. सतरा फोन बघितले. सगळ्यांवर बटण होतं. बुधवार संध्याकाळ झाली होती आणि बटण ज्यावर दिसत नाही असा फोन मला सापडत नव्हता, म्हणजे दुरुस्त काय करायचं तेच कळत नव्हतं. घरी येऊन मी चपला न काढता खुर्चीत बसून राहिले.

घरात आणखी एक फोन होता, काका. सासूबाईंचा. तो मी मागितला नव्हता, कारण आमच्यात बोलणं जवळजवळ उरलं नव्हतं. दोन वर्षांपूर्वी मी नोकरी सोडली तेव्हापासून त्या माझ्यावर रागावल्या आहेत अशी माझी खात्री होती. मी काही विचारलं तर त्या दुसरीकडे बघायच्या. मी 'जेवायला चला' म्हणायचे, तर उठायच्याच नाहीत. मी हे आईला सांगितलं, नवऱ्याला सांगितलं, तुम्हालाही एकदा सांगितलं होतं. पण बुधवारी माझ्यात ताठा उरलेला नव्हता. मी त्यांच्यासमोर हात पसरला आणि फोनकडे बोट दाखवलं. त्यांनी थोडा विचार करून दिला आणि त्या आंघोळीला गेल्या.

मी पत्ता टाइप करायला लागले तर दोन अक्षरांतच फोनने उरलेला पत्ता स्वतःहून भरला. या फोनवर ते पान आधी उघडलेलं होतं. दुसऱ्याच्या फोनमध्ये डोकावू नये हे मला कळतं, तरी मी आधी उघडलेल्या पानांची यादी बघितली. कानांचा दवाखाना, सोमवार सकाळ. कानांचा दवाखाना, सोमवार दुपार. मंगळवार. गुरुवारी दोनदा. मी मोजलं, अकरा वेळा. पान उघडलं. फोटो, वेळा, तारखा, पिवळी पट्टी. बटण नव्हतं.

काका, ज्या फोनसाठी मी गाव पालथं घातलं तो भिंतीपलीकडे होता, याचं मला त्या क्षणी काहीच वाटलं नाही. मला एवढंच दिसत होतं की ही बाई पलीकडच्या खोलीत बसून अकरा वेळा बटण शोधत होती, आणि ते पान बनवणारी सून अलीकडे बसून, या माझ्याशी बोलत का नाहीत, म्हणून धुसफुसत होती. कुणाचं पान हे त्यांना ठाऊक नव्हतं. मी कधी सांगितलंच नव्हतं. (सांगितलं असेलही. ऐकू कुठे गेलं असणार?)

दुरुस्ती दोन ओळींची निघाली. जुना ब्राउझर आणि त्यात मोठी केलेली अक्षरं, असं दोन्ही एकदम असलं की ते बटण घसरायचं. गुरुवारी सकाळी मी दुरुस्ती साइटवर चढवली, फोन सासूबाईंच्या उशाशी ठेवला आणि बाहेर आले. नोंद नीट होते का ते बघायला दवाखान्याच्या ठरलेल्या वेळांची यादी उघडून बसले. अकरा वाजून वीस मिनिटांनी पलीकडच्या खोलीतून फोनचा टिंग असा आवाज आला आणि यादीत पहिलं नाव उमटलं. ते मी वाचलं आणि लॅपटॉप मिटला. शनिवारी सासूबाई 'वाचनालयात जाते' म्हणून बाहेर पडल्या. मी नको तितक्या जोरात मान डोलावली.

चार दिवसांनी त्यांच्या कानामागे ऐकायचं छोटं यंत्र आलं. मी नेहमीसारखी लॅपटॉपशी पुटपुटत होते, की आता तो बाहेरचा दिवा बंद करायला कुणाला निमंत्रण धाडायचं. त्या उठल्या, दिवा बंद केला आणि माझ्याशेजारी येऊन बसल्या.

"दोन वर्षं मला वाटत होतं, तू माझ्याशी बोलणं टाकलंस," त्या म्हणाल्या.

मी खुर्ची त्यांच्याकडे वळवली. आता घरात पुटपुटण्याची सोय राहिली नाही. मी लॅपटॉपला काय काय म्हणते ते त्यांना स्पष्ट ऐकू जातं, आणि त्यातले काही शब्द मी कुठे शिकले याची त्या चौकशी करत असतात. दिवसभर बोलतात. दोन वर्षांचं साठलेलं आहे. काम होत नाही. काम मात्र माझ्याकडेच राहिलं, कारण डॉक्टरीणबाई खूश झाल्या आणि दर महिन्याला सगळ्या फोनांवर तपासून द्या म्हणाल्या. सगळ्या म्हणजे किती, हे विचारायचं धाडस मला झालं नाही.

असो. फार लांबलं. काकूंना सांगा, त्यांची आठवण येते.

तुमची पुतणी

ता. क. काल डॉक्टरीणबाईंनी मधोमध दुमडणारा नवा फोन घेतला. त्यावर हिरवं बटण त्यांच्या फोटोत बरोबर कपाळावर येतं. त्यांनी अजून बघितलेलं नाही.

ता. क. २. एवढ्या लांब गोष्टी लोक फोनवर सांगतात, मी कागदावर का लिहिल्या ते सांगते. गेल्या तीन वेळी आपण बोललो तेव्हा, काकू घरात आहेत का, असं मी विचारलं. तुम्ही एकदा 'साडेसहाला' म्हणालात आणि दोनदा 'छान, छान' म्हणालात. काकूंनी मला यातलं काहीही सांगितलेलं नाही, त्यांना बोलू नका. पाकिटात एक चिठ्ठी आहे, तिच्यावर दवाखान्याच्या पानाचा पत्ता मोठ्या अक्षरांत लिहिलाय. दिवस निवडा आणि आठ दिवस आमच्याकडेच राहायला या.

ता. क. ३. बटण दिसलं नाही तर शोधत बसू नका, मला लगेच कळवा. आणि दिसलं, पण दाबायला हात होत नसेल, तर तेही कळवा. ते दुरुस्त करणं मला येत नाही. सासूबाई म्हणतात, त्या बोलतील तुमच्याशी.