कुंकवाखालचं कार्ड

श्रावणातला रविवार, भोर. संध्याकाळ.

बोटांना अजून कुंकू आहे. धुवावंसं वाटत नाही.

सकाळी विंझरला आत्याकडे गेलो होतो. मामा, म्हणजे तिचे यजमान, पुण्यातल्या ऑफिसातून निवृत्त झाले तेव्हा मोडीत निघालेल्या कॉम्प्युटरचं एक कार्ड घरी घेऊन आले होते. मामा गेले, तरी आत्या दर दसऱ्याला कोयता-विळ्याबरोबर त्या कार्डाची पूजा करते. कुंकवाचे इतके थर, की चिपवरचा नंबर वाचता येईना. मी आपलं ठोकून दिलं, स्क्रीनचं कार्ड असणार. इतकी वर्षं जुने कॉम्प्युटर जमवतो, आणि चिप मोजायचं सुचू नये?

मोजल्या आत्याने. "सहा वळी हायेत. दर वळीत नऊ."

नऊ म्हणजे मेमरी. आठ चिप माहिती ठेवतात, नववी त्यांची चूक पकडते. घरच्या माझ्या जुन्या मशीनला कमी पडत होती ती हीच? पण कुंकू पुसायला कसंतरीच वाटत होतं. आत्याच म्हणाली, "पूस की. दसऱ्याला परत लावू."

कुंकवाखाली नंबर लख्ख निघाला. मेमरीचाच.

घरी येऊन कार्ड बसवलं. मशीन सुरू होताना मेमरी मोजत रोज २५६ वर थांबणारा स्क्रीनवरचा आकडा चढत चढत ६४० वर गेला. लगेच आत्याला फोन केला.

"म्हंजे तुज्या मामांचं काम अजून चालतंय. मग दसऱ्याला आख्खं मशीनच घिऊन ये. पूजा चुकायची न्हाई."

मॉनिटरसकट, एसटीने. नेणार.