मका मक्केचा नाही

रियाध, ८ सप्टेंबर २०२४

ती. अम्मीस,
सहरचा सलाम. वि. वि.

फोनवर तुला ऐकू येत नाही आणि मला ओरडता येत नाही, म्हणून पुन्हा कागद-पेन. लिहून फोटो पाठवते, तूही तसंच कर.

इंडियन शाळेत नऊ वर्षं काढून ह्या अमेरिकन शाळेत आले. दहावीच्या मुलींना जगातल्या संस्कृती आणि अमेरिकेचा सुरुवातीचा इतिहास शिकवायचा. पहिल्याच आठवड्यात जुन्या वसाहतीतल्या एका गोऱ्याचं पत्र वाचायला दिलं. त्यात ओळीओळीला इंडियन. अरीब नावाच्या मुलीनं उठून विचारलं, हे तुमचे नातेवाईक का. वर्ग हसला, मीही हसले. तिच्या आईला मात्र हसू आलं नाही. तिनं प्रिन्सिपलबाईंना लिहिलं की फी अमेरिकन शाळेची भरतो आणि अमेरिका न पाहिलेली बाई अमेरिका शिकवते. आणखी दोघींनी तिची री ओढली.

आता नोव्हेंबरात प्रिन्सिपलबाई माझ्या तासाला मागे बसणार. पटलं तर वर्ग माझा, नाही तर करार खलास. ह्याच नोकरीच्या जोरावर तुला जानेवारीत मक्केला, उमऱ्याच्या यात्रेला आणायचं ठरवलंय, तेही लटकलं. पण मी हा वर्ग सोडणार नाही. दुआ कर, आणि मोहल्ल्यात काही सांगू नको.

लोभ तुझ्या लोणच्यासारखा मुरत राहो.
तुझी सहर


दाभोळ, १५ सप्टेंबर २०२४

चि. सहर हीस अनेक दुआ. वि. वि.

मोहल्ल्यात सांगू नको हे तू शेवटी लिहिलंस, तोवर शेजारच्या बिलकिसला मी अर्धं पत्र वाचून दाखवलं होतं. चूक तुझी.

अमेरिका न बघता शिकवते म्हणे. अगो बाय, मी मक्का कुठं बघितली? तरी तुला नमाज शिकवली ना? उभं कसं राहायचं, तोंड कुठं करायचं, सजद्यात कपाळ कसं टेकायचं, सगळं ह्या पडवीत. एक तरी सजदा वाकडा शिकवला असेन तर सांग. मोहल्ल्यातल्या इस्मतची सासू मक्केला दोनदा जाऊन आली, तिला विचारलं तर ती हॉटेलातल्या लिफ्टचंच सांगत बसते. तुझ्या बाईंना हे कळव.

आणि घाबरून नुसतं पुस्तक वाचू नको. खायचं दिसलं की पोरांचे कान उघडतात, हे मी तुझ्यावरूनच शिकले. यंदा परसात मका छान झालाय. हाजींनी मक्केहून आणला म्हणून मका, असं मी सांगायची आणि तू ओठ टेकवून कणसाचा बोसा घ्यायचीस. भाजताना आठवण झाली.

तौकीरमियांना सलाम. नवऱ्याशी भांडण झालं तरी आईवरची माया पातळ करू नको.
बदरुन्निसा


रियाध, १४ नोव्हेंबर २०२४

ती. अम्मीस,
सलाम. वि. वि.

आज तास झाला. काल तौकीर सुलै भागातल्या गोदामातून, कामावरून येताना कणसं घेऊन आले. मी ती टेबलांवर ठेवली आणि विचारलं, तुमच्या घरी ह्याला काय म्हणतात. तुर्की मुलगी म्हणाली, मिसिर, म्हणजे इजिप्तचं. इजिप्तची मुलगी बिथरली, तिच्या घरी तर शामी म्हणतात, शाम देशाचं, म्हणजे सीरियाकडचं. मग मी तुझी हाजींची गोष्ट सांगितली, बोशासकट. अरीबचं आजोळ मक्केचं. तिथल्या खडकात मका कुठून येणार म्हणून ती पोट धरून हसली.

मग मी फळ्यावर अमेरिका असं लिहिलं, मका मूळचा तिथला. प्रत्येकानं दुसऱ्याच्या मुलखाकडे बोट दाखवलं, आणि ज्यांनी हजारो वर्षं हा मका पिकवला त्यांना कोलंबसानं आम्हा हिंदुस्थान्यांचं, इंडियन हे नाव देऊन टाकलं. मग अरीब म्हणाली, त्यांची स्वतःची नावं असतीलच की. घंटा होईपर्यंत तीच लिहून घेतली. काही मलाही दोनदा उच्चारावी लागली.

नंतर प्रिन्सिपलबाईंनी विचारलंच, अमेरिकेला कधी गेलाय का. मी तुझं उत्तर दिलं, पडवीसकट. बाई म्हणाल्या, जूनपर्यंत वर्ग तुमचा. जूनचं जूनमध्ये बघू, अम्मी, मी काही हलत नाही. तुझं तिकीट काढते.

मका मक्केचा नाही, हे बावीस पोरींसमोर सांगावं लागलं. एवढ्यासाठी लोभ कमी करू नको.
तुझी सहर


दाभोळ, १८ नोव्हेंबर २०२४

चि. सहर हीस दुआ, नेहमीपेक्षा दोन कमी. वि. वि.

अडुसष्ट वर्षांत मी किती जणांना मका मक्केचा म्हणून खिलवला, त्याची आता माफी कोणाकोणाची मागू? बिलकिसला सांगितलं नाही. ह्या खेपेस पत्र मनातच वाचलं. तिकिटाचं वाचून मात्र रडले, ते तिनं बघितलं.

बियाण्याला म्हणून आढ्याला टांगलेलं कणीस काढलं आणि बोसा घेतला. सवय आहे. ज्यांनी पहिल्यांदा पेरला त्यांचं भलं होवो. त्यांची नावं मला मोठ्या अक्षरांत लिहून पाठव.

जानेवारीत येते. न बघता शिकवलं ते एकदा बघून घेते. एखादा सजदा वाकडा निघालाच, तर तिथंच तुला शेजारी उभी करून पुन्हा शिकवीन.

माया आहे तेवढीच आहे, भेटलीस की मोजून घे.
तुझी अम्मी