चढावरची प्रार्थना

सोमवार, ३ मार्च

देव घरापेक्षा टेकडीवर जास्त जवळ का वाटतो? मला उत्तर येत नाही. घरातली पहिली पदवीधर, आणि एवढंही सांगता येत नाही!

बाबांची साखर वाढली आहे. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, रोज चाळीस मिनिटं चालायचं, नाहीतर इंजेक्शन. बाबा शिंपी. तीस वर्षं मशीनवर बसून. म्हणाले, "पाय दिवसभर चालूच असतात की माझे!"

मी ठरवलंय – नुसता व्यायाम नाही, उपासना. टेकडीच्या वाटेवर सात थांबे, प्रत्येक थांब्यावर शास्त्रातलं एक वचन आणि छोटी प्रार्थना. आमच्या चर्चचे पाळकसाहेब म्हणाले, "फार सुंदर कल्पना." स्वतः येणार नाहीत. गुडघे.

मंगळवार, ४ मार्च

बाबा कडक इस्त्रीची पँट घालून आले. गळ्यात मापाची टेप तशीच! पहिल्या थांब्यावर मी म्हटलं, ती पाखरं बघा, त्यांची काळजी कोण घेतं?

"एक तरी पाखरू सकाळी फिरायला निघालेलं दिसतंय का तुला?"

पण मग त्यांनी एक पान तोडून उजेडात धरलं. "कडेला बघ कशी बारीक टीप घातलीय. जन्मात उसवायची नाही." माझ्या तीन पानी टिपणापेक्षा ते भारी होतं. थोडा रागच आला.

शुक्रवार, ७ मार्च

बाबा प्रार्थना करू लागलेत! स्वतःहून, मोठ्याने! चढावर थांबतात, डोळे मिटतात. आज मंडळीतल्या एकूण एक घरासाठी, नाव घेऊन. मग गिऱ्हाइकांसाठी. मग ब्लाउज परत करणाऱ्या बाईंसाठी – त्यांना सद्बुद्धी मिळो म्हणून. मी एक डोळा उघडून घड्याळ पाहिलं. अकरा मिनिटं! पण चालू प्रार्थना तोडायची कशी?

आईला सांगितलं. ती भाजी चिरायची थांबली. "हा माणूस? जेवणाआधी दोन वाक्यांच्या पुढे गेला नाही कधी!"

शनिवार, ८ मार्च

आज शेजारच्या कोंबडीसाठीसुद्धा. ती अंडी घालत नाही म्हणे.

मंगळवार, ११ मार्च

चाळीस मिनिटांत चौथा थांबाही आला नाही. हे चालणं नव्हे, उभं राहणं झालं! अशाने साखर कशी उतरणार? शेवटी मी बोललेच – बाबा, तुम्ही प्रार्थनेच्या आड लपून अंग चोरताय.

"प्रार्थनेला अंग चोरणं म्हणतेस? शिकलीस म्हणून?"

लागलं. घरापर्यंत मी दहा पावलं पुढेच चालले. दारात आई म्हणाली, "देवाला भेटायला गेला होतात की एकमेकांशी भांडायला?"

बुधवार, १२ मार्च. सकाळी

आज मुद्दाम दोन्ही डोळे उघडे ठेवले. प्रार्थनेत डोळे उघडे ठेवणं लहानपणापासून पाप वाटतं मला, तरी.

बाबांची मूठ छातीवर दाबलेली. गार वारा होता, तरी कपाळावर घाम. एक नाव, मग श्वास. दुसरं नाव, मग श्वास. तीन-चार श्वास झाले की पुढचं घर.

आणि मग सगळं आठवलं. चढावर प्रार्थना लांबते. सपाटीला दोन वाक्यं. उतारावर तर प्रार्थनाच नाही – उतारावर बाबा शीळ घालतात!

इतके दिवस शेजारी उभं राहून मी त्यांना पाखरं दाखवत होते.

विचारलं, "बाबा, दुखतंय?" डोळे न उघडता म्हणाले, "मध्ये बोलू नकोस. अजून पाळकसाहेबांचे गुडघे राहिलेत."

बुधवार. दुपारी

मी मोठ्याने "आमेन" म्हटलं, त्यांना हळूहळू खाली आणलं आणि रिक्षात बसवून सरळ दवाखान्यात नेलं. डॉक्टरीणबाईंना सगळं सांगितलं, मुठीसकट. आत बाबांच्या छातीला वायरी लावल्यात. त्या म्हणाल्या, वेळेवर आणलंत. आजच मोठ्या इस्पितळात न्यायचंय, गाडी येतेय.

दार उघडं होतं. बाबा पडल्या-पडल्याच म्हणाले, "चुगली केलीस माझी."

केली.