सोवळ्यातल्या मुगवड्या

प्रिय नलिनीवहिनी,

एसटीने पाठवलेलं खोकं पोचलं. या खेपेला एकही वडी फुटली नाही. पाकिटांभोवती जुनी लुगडी गुंडाळायची अक्कल तुमच्या गटातल्या सोनूबाईचीच असणार! वड्या वाळवायचा नवा ड्रायर सुरू झाल्याचा व्हिडिओ मी ऑफिसात सगळ्यांना दाखवला. तू बटण दाबतेस आणि मागे गटातल्या बायका टाळ्या पिटतात, झकासच! काल-परवापर्यंत दुसऱ्याच्या रानात निंदायला जाणाऱ्या बायका स्वतःचं युनिट चालवतायत, ही काय साधी गोष्ट आहे? दादा म्हणाला, तुझे पाय जमिनीवर नाहीत. कसे असतील?

इकडे मुंबईत, चारकोपला वड्या एवढ्या कशा खपतात, असं तू दर वेळी विचारतेस आणि मी काहीतरी सांगून विषय बदलते. चवीला एक नंबर आहेतच गं. पण सुरुवात झाली शेजारच्या दीप्तीकाकूंपासून. बाई वाईट नाही हं. माझ्या लेकीला डेंग्यू झाला तेव्हा रोज पेज करून आणायच्या. गेल्या वर्षी गौरींच्या आधी मी त्यांना वाटीभर वड्या दिल्या. दारातच त्यांनी विचारलं, की नैवेद्याच्या भाजीला चालतील ना, सोवळ्यातल्या आहेत ना. वहिनी, मी हो म्हणाले. पटकन. कुणी चहात साखर घातलीय का विचारावं, तसं.

मग मनाची समजूत घातली, की त्या स्वच्छतेबद्दलच विचारत होत्या. डोक्याला फडकं बांधल्याशिवाय तू कुणाला शेडमध्ये पाऊल टाकू देत नाहीस, याहून स्वच्छ काय असतं? पण सोवळं म्हणजे काय हे मला कळत नाही होय? आपल्या आजीला विहिरीवर कोणत्या शब्दाने लांब उभं केलं होतं, ते ऐकतच वाढले ना मी! माझं सासरचं आडनाव पवार, त्यात सगळेच मावतात. कुणाला काही कळलं नाही आणि मीही कळू दिलं नाही. काकूंनी अख्ख्या सोसायटीत सांगितलं, चेतनाकडे गावच्या सोवळ्यातल्या वड्या मिळतात. त्या एका शब्दावर ऑर्डरी वाढत गेल्या. तुम्ही तिकडे मान ताठ करून कष्ट करत होतात आणि मी इकडे तुमच्या कष्टाला सोवळं नेसवत होते.

दिवाळीआधी आमच्या सोसायटीच्या हॉलमध्ये विक्री-प्रदर्शन आहे. तू आणि सोनूबाई येणार, गटाचं नवं बॅनर आणणार, वर रमाईंचा फोटो, खाली ठळक अक्षरात 'रमाई महिला बचत गट'. किती हौसेने कळवलंस. म्हणूनच हे पत्र. बॅनर आणू नकोस. कुणी विचारलं तर नुसतं नलिनी सांग, आडनावाचं मी बघते. सोनूबाईला म्हणावं, तिथे जय भीम नको, नमस्कार म्हण. ऑर्डरी तुटल्या तर गटाची वाट लागेल, असं लिहिणार होते. पण ते निमित्त झालं. मला या मजल्यावर जशी राहतेय तशीच राहायचंय, म्हणून सांगतेय. लिहिताना लाजेने जीव जातोय, तरी लिहितेय. फोनवर सांगता आलं असतं. पण तू काही न विचारता नुसतं 'बरं' म्हणाली असतीस, आणि तुझं ते 'बरं' ऐकायची माझी छाती नाही.

तुझीच,
चेतना