स्वारगेटपर्यंत गेलेला लॅपटॉप

कोथरूड, पुणे
रविवार

प्रिय श्यामभाऊजी,

अनेक आशीर्वाद. (वयाने मी तुमच्याहून दोन वर्षांनी लहान; पण थोरल्या वहिनीला दुसरं काही देता येत नाही.) राधाचा गुडघा कसा आहे? फोनवर तुम्हाला ऐकू येत नाही, आणि हे सोसायटीभर ऐकू जाईल इतकं ओरडून सांगण्यासारखं नाही, म्हणून कागद घेतला.

तुमच्या मेलना तीन रविवार उत्तर गेलं नाही. झालं असं, की इंटरनेटवाल्यांनी जुना डबा काढून नवा बसवला. तो माझ्या फोनशी गोडीगुलाबीने वागतो, फक्त यांच्या लॅपटॉपला ओळख देईना. लॅपटॉप यांनी खडकीच्या फॅक्टरीतून निवृत्त झाल्यावर घेतलेला. नीरजाने नवा पाठवला होता, यांनी झाकण उघडलं, पाहिलं आणि म्हणाले, "ज्यांचा आहे त्यांना परत देऊन टाक." (मुलीला मी हे कळवलेलं नाही.) शिवाय मेलचा पासवर्ड यांना आठवत नाही, मला कधी सांगितला नाही. तो पाठ आहे फक्त या जुन्या लॅपटॉपला.

मी तो तपकीर गल्लीत कॉम्प्युटर दुरुस्तीवाल्याकडे घेऊन गेले. दुकानदाराने लॅपटॉप उलटा करून पाहिला. म्हणाला, "काकू, याला दुरुस्ती नको, पेन्शन सुरू करा." तरी त्याने कडेची एक बारीक कळ सरकवली. ती बंद असेल तर वायफाय चालतच नाही म्हणे. घरी आले, तर कळ चालू आणि वायफाय तसंच बंद.

इकडे हे रोज दहा वाजता आंघोळ करून त्याच्यासमोर बसत. "श्यामचं पत्र आलं?" नाही म्हटलं की पाच मिनिटांनी पुन्हा तेच. मग म्हणायला लागले, श्याम रागावलाय. मग, श्याम आजारी आहे, तू लपवतेस. गेल्या मंगळवारी मी गिरणीत दळण आणायला गेले, तेवढ्यात लॅपटॉप आणि वायर पिशवीत घालून हे रिक्षाने स्वारगेटच्या एसटी स्टँडला! यांच्या खिशात मी नंबराची चिठ्ठी ठेवते, तिच्यावरून स्टँडवरच्या कंट्रोलर साहेबांनी मला फोन केला. मी पोचले तेव्हा हे त्यांना समजावत होते, "कोल्हापूरला माझ्या भावाकडे वायफाय आहे. तिथे हा लागेल." साहेबांनी चहा पाजला होता. मला पाहून हे म्हणाले, "अहो बाई, जरा सरकता का? माझी मिसेस यायचीय." मी सरकले, भाऊजी. काय करणार? दहा मिनिटं शेजारी बसले, मग हे हळूच म्हणाले, "कल्याणी, केव्हा आलीस?"

शेवटी तिसऱ्या मजल्यावरची उत्कर्षा धावून आली. (ती घरूनच कॉम्प्युटरची नोकरी करते.) नव्या डब्यातून दोन तऱ्हेच्या लहरी निघतात, आपल्या लॅपटॉपला त्यातली जुनीच समजते, आणि नेमकी तीच बंद ठेवली होती. तिने ती चालू केली. तुमची तिन्ही पत्रं धडाधड आली. यांनी पहिलं वाचलं, खूश झाले. मिटलं, उघडलं, पुन्हा तेच वाचलं, तितकेच खूश. "श्याम लिहितो छान," म्हणाले. तेव्हा इकडची काळजी नसावी. सगळं ठीक आहे.

आपली,
कल्याणीवहिनी

ता.क. गेल्या गणपतीपासून तुम्हाला यांच्या नावाने गेलेली पत्रं मी लिहिली आहेत. "श्रीधर, म्हातारपणी तुझं मराठी सुधारलं" असं तुम्ही लिहिलंत, तेव्हा हसावं की रडावं कळेना. "थोडं विसरतात" एवढंच तुम्हाला सांगत आले. चूक झाली. मला एकटीला हे जमत नाहीये.

ता.क. २ काल तुमच्या पत्रातला फोटो पाहून यांनी विचारलं, "हे गृहस्थ कोण?" म्हटलं, श्यामभाऊजी. "छे! श्याम एवढा म्हातारा नाही." तेव्हा येताना दाढी उतरवून या, जमल्यास केस काळे करा. पण त्यात दिवस घालवू नका. आहात तसे उद्याच निघालात तरी चालेल.