पिल्लू दचकता कामा नये

बाई, तुम्हाला जाऊन वीसेक वर्षं सहज झाली असतील आणि अजून तुमच्याबद्दल कोणी वाईट बोलत नाही, म्हणून म्हटलं ते काम आपणच करावं. मेलेल्या माणसाला नावं ठेवू नयेत असं माझी आई म्हणायची, पण ती कधी तुमच्या हाताखाली काम करायला आली नव्हती. मी आलेले. ऐंशीच्या दशकाचा मध्य असेल, नुकतीच एमएस्सी झालेले, पीएचडी तुमच्याकडे करायची म्हणून कोपरहून निघायचे, ठाण्याला उतरायचे आणि मग कोलशेतची बस. एका बाजूला खाडीचा वास, दुसऱ्या बाजूला कारखान्यांचा, आणि तुमच्या प्रयोगशाळेत शिरलं की पांढऱ्या उंदरांचा. तुम्ही पहिल्याच दिवशी विचारलंत, कुठून येतेस? कोपर म्हटल्यावर माझं नाव तुम्ही परत कधी विचारलं नाही. ए कोपर, पिंजरे बघ. ए कोपर, चहा सांग. मीही ओ द्यायचे, वर मान करून हसायचे सुद्धा.

पहिला ओरडा कशावरून बसला ते लख्ख आठवतं. मी पिंजऱ्यातून पिल्लू उचललं, ते अंग आक्रसून चीं चीं करायला लागलं, आणि तुम्ही माझं मनगट धरलंत. "हात गार आहेत तुझे. गार हातांनी धरलंस तर पिल्लू दचकतं. ते दचकलं की जे हॉर्मोन आपल्याला मोजायचंय तेच त्याच्या रक्तात चढतं, आणि माझा आकडा नासतो. कळलं का?" मग मला सगळं शिकवलंत. आधी तळहात चोळून गरम करायचे. रोज सकाळ-संध्याकाळ प्रत्येक पिल्लाला हातात घ्यायचं, मानेमागे दोन बोटांनी कुरवाळायचं, खालच्या आवाजात काहीतरी बोलत राहायचं. तुम्ही त्यांना बाळ म्हणायचात. हळूहळू ती आपणहून हातात चढायला लागतात, डोळे मिटून पडून राहतात. तशी पडून राहिली की त्यांची मान पात्याखाली द्यायची. ज्या हाताने कुरवाळलं त्याच हाताने, कारण दुसऱ्याचा हात लागला तर पिल्लू दचकेल. मी हे करत होते आणि मला ते जमत होतं. जमल्यावर तुम्ही मान हलवायचात आणि मला दिवसभर पुरायचं तेवढं.

काम तसं सोपं होतं. मेंदूच्या तळाशी पिच्युटरी असते आणि वरून येणारं डोपामाइन तिला गप्प बसवून ठेवतं, दुधाचं हॉर्मोन, प्रोलॅक्टिन, सोडू देत नाही. औषध टोचून डोपामाइनला बाजूला केलं की वयात आलेल्या मादीच्या रक्तात ते हॉर्मोन भसाभस येतं. कोवळ्या पिल्लांत मात्र जेमतेम. तुमचं म्हणणं, औषध कमी पडतंय, डोस वाढव. वर्षभर मी डोस वाढवत बसले, हाती धुपाटणं. मग मी माझ्या डोक्याने एक केलं. पिल्लांचे अंडाशय काढले, काहींना तिळाच्या तेलातून इस्ट्रोजन दिलं, काहींना नुसतं तेल. नुसत्या तेलवाल्यांना औषध देऊनही विशेष काही झालं नाही. इस्ट्रोजनवाल्यांना तेच औषध दिलं तर आकडा असा उसळला की मी मोजणी परत केली. म्हणजे डोपामाइन दार अडवून बसलेलं असतं हे खरं, पण आत कोठार भरायला इस्ट्रोजन लागतं. रिकाम्या कोठाराचं दार उघडून काय निघणार? हे मी तुम्हाला सांगितलं तेव्हा तुम्ही चष्मा काढून ठेवलात आणि माझी वही स्वतःकडे ओढून घेतलीत.

त्या कामावर माझी पीएचडी होती. आमच्या घरात कॉलेजात गेलेली मीच पहिली. माझ्या बाबांनी उत्साहाच्या भरात दाराच्या चौकटीवर दोन स्क्रू ठोकूनही ठेवले होते, डॉक्टर झालीस की पाटी लावायची म्हणून. शेजारीपाजारी विचारायचे, स्क्रू कशाला? बाबा सांगायचे, कळेल.

आणि त्याच सुमारास तुम्ही गोड झालात. कोपर जाऊन बाळ आलं. बाळ, दमलीस का. बाळ, डब्यात काय आणलंस. नौपाड्यातल्या तुमच्या घरी जेवायला बोलावलंत, स्वतः वाढलंत, जाताना इरकली साडी हातात ठेवलीत. आई म्हणाली, बघ, बाई वरून फणस आहेत. मीही विरघळले. महिनाभर मी त्या प्रयोगशाळेत हवेत चालत होते. मग एक दिवस खोलीत बोलावलंत.

"बस बाळ. तुझं इस्ट्रोजनचं काम त्याच्या प्रबंधात घालते," म्हणालात. तो म्हणजे तुमचा दुसरा विद्यार्थी, ज्याला रक्त बघून घेरी यायची आणि ज्याने जन्मात एक पिल्लू हातात धरलं नव्हतं. "त्याला अमेरिकेचं बोलावणं आलंय, हाती काहीतरी ठोस हवं. तू डोसचं काम पुढे ने."

"बाई, डोसमध्ये काहीच निघालेलं नाही. ते काम माझं आहे."

"तुझं काय गं, घरी स्थळं बघतायत ना? वर्षभरात सासरी जाशील."

असं म्हणत तुम्ही उठून माझ्यामागे आलात आणि मानेच्या जरा खाली दोन बोटं ठेवलीत. छान उबदार बोटं. तेव्हा माझ्या लक्षात आलं, मी आत शिरले तेव्हा तुम्ही तळहात एकमेकांवर चोळत होतात. मे महिना होता, बाई. मे महिन्यात ठाण्यात हात कोण चोळतं? केसाने गळा कापणं म्हणतात ते हेच. तो आयत्या बिळावरचा नागोबा अमेरिकेला गेला आणि मी "बरं, बाई" म्हणून उठले. दचकले सुद्धा नाही. तुमचं काम चोख होतं यात वाद नाही.

डोसच्या कामातून व्हायचं तेच झालं, म्हणजे काही नाही. मी सोडून दिलं. स्थळांचंही काही जमलं नाही, हेही तुमचं चुकलंच. आंबिवलीच्या शाळेत विज्ञान शिकवायला लागले. त्या स्क्रूंवर आईने पुढे लिंबू-मिरची अडकवली. बाबांनी तो विषय परत काढला नाही, आणि न काढताच ते गेले.

नव्वदच्या दशकाच्या शेवटी कळलं की तुम्हाला पक्षाघात झाला आणि तुम्ही ठाण्यात हॉस्पिटलात आहात. मी दुसऱ्या दिवशीच आले. तुमची भाची बसलेली. म्हणाली, मावशी कोणालाच ओळखत नाही हो, मला पण नाही. मी रोज शाळा सुटल्यावर यायला लागले. मऊ भात भरवायचे, तोंड पुसायचे, केस विंचरायचे, खालच्या आवाजात काहीबाही बोलत राहायचे. भाचीला भरून यायचं, इतकी माया कोण करतं आजकाल. मी माया करत नव्हते, बाई. मी एक वाक्य घोटत होते. तुम्ही माझ्या हाताला पूर्ण सरावलात की कानाशी वाकून म्हणायचं होतं, तुम्ही मेल्यावर रडेल असं एक माणूस सांगा. तुम्हाला कळेल ना कळेल, पण म्हणायचं होतं. ज्या हाताने भरवलं त्याच हाताने.

मग एके संध्याकाळी तुम्ही शांत पडून होतात, श्वास संथ, आणि भाची चहाला खाली गेली. मी खुर्ची पुढे ओढली आणि तुमच्या मानेमागे दोन बोटं ठेवली. तुमचं तोंड एका बाजूला ओढलेलं होतं, इतके दिवस नुसता घरघराट यायचा. पण हे शब्द नीट आले.

"हात गार आहेत तुझे," म्हणालात. आणि मग, "कोपर."

मी उठून व्हरांड्यात गेले आणि वेड्यासारखे हात चोळले. चोळून परत आत आले, तर तुम्ही माझ्याकडेच बघत होतात, आणि मानेखालची उशी तुम्ही चालत्या हाताने जरा बाजूला सरकवली होती, मला बोटं ठेवता यावीत म्हणून. मी वाक्य बोलले नाही. दया आली असं समजू नका, दया मला तेव्हाही आली नाही आणि आताही येत नाहीये. त्यानंतर मी परत आलेच नाही. चार दिवसांनी तुम्ही गेल्याचं भाचीने शाळेत फोन करून कळवलं, आणि मी तास घ्यायला गेले.

हे पत्र पाठवायला पत्ता नाही, आणि असता तरी मी टाकलं नसतं, कारण एक गोष्ट तुम्हाला कळलेली मला चालणार नाही. सख्ख्या भाचीला ओळखलं नाहीत आणि मला ओळखलंत. त्या दिवशी हॉस्पिटलातून कोपरला घरी जाताना, बाई, मला फार बरं वाटत होतं.