गाडी आता उघड्यावर असते

बाबा, ती लाल गाडी अजून माझ्याकडेच आहे. तुम्ही इथे सहा महिने राहून गेलात, त्याला एकोणीस वर्षं झाली आणि तुम्हाला जाऊन सतरा. एवढ्या वर्षांत माझं घर बदललं, नोकरी दोनदा बदलली, तुमचे जावई माझ्यापासून वेगळे झाले, तुमची नात मोठी होऊन पार ॲरिझोनात चँडलरला गेली. गाडी मात्र तीच. ॲशबर्नचं ते गॅरेजवालं घर विकलं तेव्हा मी हा छोटा फ्लॅट घेतला, आणि त्याच्यासोबत मेपलच्या झाडाखाली एक चौकोन मिळाला, त्यावर नंबर रंगवलेला. ना छप्पर, ना भिंत. हिवाळा आला की मी आत हीटरपाशी बसते आणि गाडी बाहेर कुडकुडते. लोक म्हणतील लोखंडाला कसली थंडी! तुम्ही म्हणाला नसतात.

यंदा जरा जास्तच जपावं लागतंय. सोसायटीच्या ऑफिसातल्या बाईने नोटीस पाठवली आहे की जानेवारीत सगळ्या गाड्या तपासणार, जी सुरू होणार नाही ती उचलून नेणार. ताडपत्री चालणार नाही, नीट बेतलेलं कव्हरच हवं. मी फोन केला तर म्हणाली, "मॅम, इट्स अ व्हेरी ओल्ड कार." जसं काही मला ठाऊकच नव्हतं. नातीला सांगितलं, तर तिचंही तेच. "आई, जस्ट लेट इट गो. इट्स अ कार." मी म्हटलं, "तुझ्या आजोबांनी घेताना हात लावून पाहिली होती ती." ती म्हणाली, "आय नो, आई, यू ऑलवेज से दॅट." खरंच मी नेहमी म्हणते की काय, कोण जाणे. पण ही गाडी गेली तर तुमचा हात लागलेलं फारसं काही या देशात उरणार नाही, आणि हे फोनवर सांगता येत नाही.

म्हणून ऑक्टोबरपासून माझे उद्योग सुरू आहेत. मेपलची पानं झाडली, चिकाचे डाग पुसले, धुऊन मेण लावलं. टाकी काठोकाठ भरली, म्हणजे आत पाणी धरत नाही. वायपर उचलून ठेवते. बॉनेटखाली डांबराच्या गोळ्यांची पुरचुंडी, कारण खाली उंदीर वायरी कुरतडतात. गाडीत बसलं की नागपूरच्या आपल्या लोखंडी कपाटाचा वास येतो. दर शनिवारी अर्धा तास हायवेवर फिरवून आणते, कुठेच जायचं नसतं तरी. बर्फ पडून गेला की चाकांच्या आतलं मीठ धुते. ते मीठ पाहून तुम्ही किती हळहळला होतात! ट्रक रस्त्यावर मीठ फेकत निघाला आणि तुम्ही खिडकीतून ओरडलात, "अन्नातलं मीठ हे, रस्त्यावर कोण टाकतं?" त्या मिठाने गाडीचा तळ गंज धरेल हे मात्र दुसऱ्या दिवशी तुम्ही माझ्याआधी ओळखलं, आणि मफलर बांधून बादली घेऊन खाली बसलात.

आणि बॅटरी. फार थंडी पडणार असली की बॅटरी काढून वर घरात आणते. निगेटिव्ह आधी काढायची, लावताना ती शेवटी, टोकांना व्हॅसलिनचं बोट. बस डेपोच्या बॅटरी रूममध्ये तुमची बत्तीस वर्षं गेली, ॲसिडच्या थेंबांनी विजारीची चाळण झालेली असायची, आणि मी शाळेतून येता येता डबा द्यायला यायचे तेव्हा तुम्ही मला हे शिकवायचात. गणित कधी शिकवलं नाहीत, हे शिकवलं. "जमिनीवर ठेवायची नाही, लाकडावर ठेवायची," असं तुम्ही म्हणायचात. म्हणून मी ती स्वयंपाकघरात पाटावर ठेवते आणि शेजारी चार्जर लावते. परवा व्हिडिओ कॉलवर नातीने पाहिलं. "आई! इज दॅट अ बॅटरी ऑन द पूजा पाट?" खूप हसली. मीही हसले. फोन ठेवल्यावर घरात आवाज फक्त चार्जरचा. तेवढ्या आवाजाचीही सोबत वाटते हल्ली.

आता ज्यासाठी लिहायला बसले त्याकडे येते. इतका वेळ टाळाटाळच चालली होती.

तुम्ही इथे होतात तेव्हाही गाडी बाहेरच असायची, कारण गॅरेजमध्ये जावयांची गाडी. तुम्हाला ते बघवेना. आईच्या जुन्या सुती साड्या तुम्ही बॅगेत भरून आणल्या होत्या, मला वाटलं आठवण म्हणून. तुम्ही बैठक मारून चार दिवसांत त्यांचं गाडीला पांघरूण शिवलंत, आरशांना वेगळ्या टोप्यासुद्धा. एरवी लोक नातवंडांना गोधडी शिवतात, मी तुम्हाला चिडवलंही. मग त्या सकाळी पाऊस पडता पडता गोठला, साड्या भिजून पुढच्या काचेला घट्ट चिकटल्या. मला ऑफिसला उशीर होत होता. मी आत बूट शोधतेय, आणि तुम्ही मला मदत म्हणून पातेलंभर पाणी तापवून काचेवर ओतलंत. मी दारात आले तेव्हा साडी सुटून तुमच्या हातात आली होती आणि काचेवर भेग पळत होती, या टोकापासून त्या टोकापर्यंत.

मी काय बोलले ते मला शब्द न् शब्द आठवतंय. "कुणी सांगितले होते हे नसते उद्योग? हे नागपूर आहे का? तुमचा डेपो आहे का हा?" शेजारी बर्फ काढत होते, ते थांबले. नात सहा वर्षांची, खिडकीला नाक लावून उभी. तुम्ही पातेलं पोटाशी धरून म्हणालात, "कोमटच होतं बाई. मी हात घालून पाहिलं होतं ना." मी म्हटलं, "कळतं मला किती कोमट होतं ते." आणि आत जाऊन टॅक्सी बोलावली.

त्यानंतर तुम्ही पाण्याला हात लावला नाहीत. मी उठायच्या आत खाली जाऊन प्लॅस्टिकच्या खरवडणीने नव्या काचेवरचा बर्फ काढायचात, बोटं फुटेपर्यंत. मी पाहत होते. हातमोजे देते म्हटलं नाही. विमानतळावर जाताना तुम्ही मागे बसलात. आणि मग नागपूरहून दर रविवारच्या फोनवर, नातीची चौकशी झाली, जावयांची झाली, की शेवटी हळूच, "काच ठीक आहे ना?" दोन वर्षं, दर रविवारी. मी म्हणायचे, "हो बाबा, आता तो विषय सोडा ना." शेवटच्या रविवारीही तुम्ही विचारलंत. मी तेच उत्तर दिलं.

खरी गोष्ट अशी की तुम्ही पाणी ओतलंत त्या सकाळच्या दोन आठवडे आधी हायवेवर एका ट्रकमागून खडा उडून त्या जुन्या काचेला लागला होता. तिळाएवढा टवका, खाली वायपरच्या आडोशाला. ऑफिसातली मैत्रीण म्हणाली होती, थंडीच्या आत भरून घे, नाहीतर जाईल काच. मी आज-उद्या करत राहिले. तुमची भेग बरोबर तिथून निघाली होती. मी दारातून तिच्याकडे पाहिलं तेव्हाच मला ते दिसलं, बाबा. तोंड उघडायच्या आधी दिसलं. मग चूक पचवायला अवघड म्हणून ती तुमच्या हातात दिली, आणि परत मागून घ्यायची दर रविवारी राहून गेली.

हे आत्ता का, तर या आठवड्यात पुन्हा खडा लागला. शनिवारच्या फेरीत, जवळजवळ तिथेच. या वेळी मी तशीच सरळ काचवाल्याकडे गेले. त्याने सुईने टवका भरला, दिवा धरून सुकवला, म्हणाला ही आता वसंतापर्यंत काही बोलणार नाही. सोसायटीची तपासणी आली तर येऊ दे, गाडी पहिल्या किल्लीला सुरू होते आहे. हे पत्र घडी करून मी तिच्याच कप्प्यात ठेवणार आहे, तुम्ही शिवलेल्या आरशांच्या टोप्या आहेत तिथे. दुसरीकडे कुठे टाकायचं?

फक्त एवढं सांगायचं राहिलं. काम करता करता त्या काचवाल्याने सहज विचारलं, ही काच मूळची दिसत नाही, जुनी कशाने गेली होती? दुकानात आम्ही दोघंच होतो, तो मला ओळखत नव्हता, तुम्हाला तर नाहीच. एकोणीस वर्षांत कुणी पहिल्यांदा विचारत होतं, आणि खरं सांगायला काहीच अडत नव्हतं. मी म्हटलं, "माझे वडील इंडियाहून आले होते, त्यांनी उकळतं पाणी ओतलं." तो हसला. मीही हसले, बाबा.

पाणी कोमटच होतं.